खरी मंडळी कोणती?

वाचन : मत्तय १६:१३–१९, मार्क ९:३८–४१

आमच्या बडोद्याच्या मंडळीतील एक तरुण तीन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त अमेरिकेस गेला. लहानपणी तो माझ्याच शब्बाथशाळेच्या वर्गात असे, आणि प्रश्न विचारून मला भंडावून सोडी. गेल्या पावसाळ्यात त्याचे मला एक लांबलचक पत्र आले. हल्ली पत्र म्हणजे ईमेल. पण त्याने ते जुन्या पद्धतीने, आरंभी सलाम व अखेरीस घरच्या सर्वांची चौकशी करून लिहिले होते.

तिकडे गेल्यावर पहिला हिवाळा त्याने अगदी एकट्याने काढला. घर बदलायचे होते, बर्फ पडत होते, ओळखीचे कोणी नव्हते. अशा वेळी पांढरे सदरे घातलेले व छातीवर नावाची काळी पट्टी लावलेले दोन तरुण दाराशी आले. त्यांनी त्याचे सामान उचलले, दुसऱ्या दिवशी गरम जेवण आणून दिले, आणि मग दर आठवड्यास येऊ लागले. ते मॉर्मन मिशनरी होते. “सर, दोन वर्षे स्वखर्चाने देवाची सेवा करणारी वीस वर्षांची मुले मी आपल्या मंडळीत पाहिली नव्हती,” असे त्याने लिहिले होते. हे वाक्य वाचून मी पत्र थोडा वेळ बाजूस ठेवले. तीन वर्षांत आमच्यापैकी किती जणांनी त्या मुलाला चार ओळी लिहिल्या होत्या?

पुढे त्याने आपली अडचण मांडली होती. “तुम्हीच आम्हांला शिकवले की प्रेषितांनंतर मंडळी बिघडली आणि मार्टिन ल्यूथरने तिला ताळ्यावर आणले. हे म्हणतात, ती बिघडली नव्हती, मेलीच होती. आणि देवाने १८३० साली जोसेफ स्मिथच्या द्वारे ती पुन्हा स्थापन केली. तुमच्या शिकवणीत आणि ह्यांच्या म्हणण्यात फरक तो किती?” आणि शेवटी, जरा भीतभीतच, आणखी एक गोष्ट होती. तो त्यांच्या मंडळीत गेला तर त्याला आपल्या मृत पूर्वजांची नावे त्यांच्या मंदिरात देता येणार होती, म्हणजे त्यांच्या वतीने जिवंत माणसाला बाप्तिस्मा देण्यात येतो. आपल्या पणजीचे नाव द्यावे असे त्याच्या मनात होते.

त्याला उत्तर लिहिण्यास मला सहा आठवडे लागले. त्या उत्तरात जे आले, व जे त्यात लिहिण्याचे धैर्य झाले नाही, ते येथे शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी मांडीत आहे.

प्रथम त्यांचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे. दुसऱ्याचे मत वाकडे करून मग ते खोडून काढणे ही देखील खोटी साक्षच होय. जोसेफ स्मिथ १८०५ साली अमेरिकेतील व्हरमाँट संस्थानात जन्मला. त्याच्या तरुणपणी न्यूयॉर्क संस्थानातील त्याच्या गावी निरनिराळ्या पंथांची चढाओढ चालली होती. कोणता पंथ खरा, ह्याविषयी त्याने याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाच्या आधारे देवाजवळ ज्ञान मागितले. आणि १८२० साली, त्याच्या सांगण्याप्रमाणे, पिता व पुत्र ह्यांनी दर्शन देऊन सर्व पंथ चुकलेले आहेत, कोणातही जाऊ नकोस, असे त्याला सांगितले. पुढे एका दूताच्या द्वारे सोन्याचे पत्रे मिळाले व त्यांवरून मॉर्मनचे पुस्तक तयार झाले, असा त्याचा दावा आहे. ते पुस्तक १८३० साली छापले गेले आणि त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी मंडळी स्थापन झाली. १८४४ साली इलिनॉय संस्थानातील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथचा खून केला, आणि बहुतेक लोक ब्रिगहॅम यंगच्या मागून यूटा प्रांतात गेले. आज ह्या मंडळीच्या स्वतःच्या गणतीप्रमाणे तिचे सभासद एक कोटी सत्तर लाखांच्या वर आहेत. २०१८ पासून त्यांच्या अध्यक्षांनी आग्रह धरला आहे की, मॉर्मन न म्हणता ‘येशू ख्रिस्ताची अंतिम दिवसांतील संतांची मंडळी’ हे पूर्ण नाव वापरावे. येथे सोयीसाठी मी जुनेच नाव वापरतो, अनादराने नव्हे.

हा पंथ आपल्या देशात नवा आहे असे पुष्कळांना वाटते; १९९३ साली बेंगळूर येथे त्यांचे भारतातील मिशन स्थापन झाले, एवढेच त्यांना ठाऊक असते. परंतु महाराष्ट्रात हे लोक त्याआधी एकशेचाळीस वर्षे येऊन गेले आहेत. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा उपदेशक सप्टेंबर १८५२ मध्ये मुंबईस उतरला. मुंबईत विरोध झाला, म्हणून तो पुण्यास गेला. तेथे छावणीत उपदेश करण्यास लष्करी अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. तरी त्याने पुण्यात एक लहानशी शाखा उभी केली. पण ज्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीच्या सभेने हिंदुस्थानासाठी आणखी माणसे नेमली, त्याच सभेत बहुपत्नीत्वाची शिकवण उघडपणे जाहीर करण्यात आली होती, आणि ती बातमी येथे पोहोचताच त्यांच्या कामाचा पायाच खचला. १८५५ साली फिंडले परत गेला.

हे एवढ्यासाठी सांगतो की त्याच काळात, १८५४ साली, बाबा पदमनजी ह्यांचा बेळगावास बाप्तिस्मा झाला. ख्रिस्तासाठी त्यांना घरदार व आप्त सोडावे लागले. पुढे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पायाच ह्या मनुष्याने घातला. पुण्यातील त्या शाखेच्या शिकवणीप्रमाणे बेळगावचा तो बाप्तिस्मा देवाच्या दृष्टीने झालाच नाही, कारण देणाऱ्याला अधिकार नव्हता. सर्व वाद येथे येऊन ठेपतो. मॉर्मन शेजारी आपल्याला वाईट माणसे म्हणत नाहीत. आपल्या मंडळ्यांत पुष्कळ सत्य आहे असेही ते मानतात. परंतु बाप्तिस्मा देण्याचा व देवाच्या नावाने बोलण्याचा अधिकार शेवटच्या प्रेषिताबरोबर पृथ्वीवरून गेला, आणि १८२९ साली बाप्तिस्मा करणारा योहान व नंतर पेत्र, याकोब व योहान ह्यांनी प्रत्यक्ष येऊन तो स्मिथला दिला, असे ते म्हणतात. म्हणून दुसऱ्या मंडळीतून येणाऱ्या प्रत्येकाला ते पुन्हा बाप्तिस्मा देतात.

आता पवित्र शास्त्र काय म्हणते? पतन होईल हे शास्त्र सांगतेच. इफिसच्या वडिलांना पौलाने बजावले की कळपात क्रूर लांडगे शिरतील. तीमथ्याला त्याने लिहिले की पुढील काळी कित्येक जण विश्वासापासून ढळतील. पण हा ‘कित्येक’ शब्द महत्त्वाचा आहे. तेथे ‘सर्व’ असे म्हटलेले नाही. उलट मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात प्रभूने आपली मंडळी आपण स्वतः रचणार असल्याचे व अधोलोकाचे बळ तिच्यापुढे टिकणार नसल्याचे वचन दिले आहे. अठ्ठाविसाव्या अध्यायात युगाच्या समाप्तीपर्यंत रोज बरोबर राहण्याचे. इफिसकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी पौल मंडळीमध्ये देवाचे गौरव पिढ्यान्‌पिढ्या होवो असे म्हणतो. मंडळी सुमारे सतराशे वर्षे नव्हतीच असे मानावयाचे, तर ही वचने देणाऱ्याला ती पाळता आली नाहीत असेही मानावे लागेल. माणसे अविश्वासू निघतील हे मी सहज मान्य करतो; पंचाऐंशी पिढ्यांच्या इतिहासात ती तशी निघालीही. परंतु मंडळी माणसांच्या विश्वासूपणावर उभी आहे असे शास्त्राने कधी म्हटलेच नाही.

ह्यावर तो तरुण म्हणेल, आणि म्हणालाच, की मग तुम्ही आम्हांला तसे का शिकवले? येथे मला कबुली दिली पाहिजे. पंचवीस वर्षे मी शब्बाथशाळेत मंडळीचा इतिहास शिकवीत आलो. माझा क्रम असा : एका रविवारी पौल रोमास जातो, पुढच्या रविवारी ल्यूथर विटेनबर्गच्या देवळाच्या दाराशी उभा असतो. मधली जवळजवळ साडेचौदाशे वर्षे म्हणजे ‘अंधारयुग’, एका वाक्यात संपले! मुलांना सुटीची घाई असे, मलाही असे. ज्या मुलाला मी असे शिकवले, त्याला कोणी सांगितले की दिवा १५१७ साली नव्हे, १८३० साली लागला, तर त्याच्यापुढे फक्त आकडा बदलावयाचा प्रश्न उरला. घर रिकामे मीच करून ठेवले होते. त्यांनी येऊन त्यात बिऱ्हाड केले.

वास्तविक ल्यूथरचे म्हणणे निराळे होते. तो १० नोव्हेंबर १४८३ रोजी जन्मला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा बाप्तिस्मा झाला, अर्थात रोमन याजकाच्या हातून. पुढे पोपशी त्याचे हाडवैर जुंपले, जिभेला त्याने लगाम असा ठेवला नाही. परंतु त्याने दुसरा बाप्तिस्मा कधी घेतला नाही. बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, याजकाचा नव्हे, असे त्याचे मत. सुधारणा करणे म्हणजे आजारी आईला औषध देणे. ती मेली असे सांगून दुसरी आई आणणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

आणि त्या ‘अंधारात’ काय काय चालले होते! नव्या कराराची जी सत्तावीस पुस्तके आपण वाचतो व मॉर्मन लोकही वाचतात, नेमक्या त्या सत्ताविसांची आज उपलब्ध असलेली पहिली यादी आलेक्सांद्रियाचा बिशप अथानासियस ह्याच्या ३६७ सालच्या पत्रात आहे. मंडळी जर दुसऱ्या शतकातच मेली, तर चौथ्या शतकातील मेलेल्या मंडळीने केलेली ही निवड त्यांनी कोणत्या भरवशावर स्वीकारली? कसोटीच्या ग्रंथावर विश्वास आणि तो जपून ठेवणाऱ्यांवर अविश्वास, हे जुळत नाही.

दूर कशाला, आपल्याच भागाचे पाहा. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस लिहितो की कल्लियान येथे ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. हे आपले ठाण्याजवळचे कल्याणच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. १३२१ साली ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा ते तेथील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी उतरले होते. त्यांचा सोबती जॉर्डनस वाचला आणि त्याने भडोचेस नव्वदएक जणांना बाप्तिस्मा दिला. भडोच! आमच्या बडोद्यापासून रेल्वेने जेमतेम तासाचा रस्ता. ह्या माणसांच्या सर्वच मतांशी आपले जमेल असे नाही. परंतु ख्रिस्ताच्या नावासाठी ठाण्यात रक्त सांडले, तेव्हा पृथ्वीवर त्याची मंडळीच नव्हती असे म्हणण्यास माझी जीभ वळत नाही.

“तुमच्यात बारा प्रेषित कोठे आहेत?” हाही प्रश्न त्या मिशनरी तरुणांनी विचारला होता. त्यांच्या मंडळीत आजही बारा प्रेषित व एक संदेष्टा असतो. प्रश्न चांगला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात यहूदाच्या जागी मत्थियाला निवडले, हे खरे. पण अट अशी होती की योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू वर घेतला जाईपर्यंत जो सोबत होता, असाच मनुष्य पाहिजे. ती अट आज कोण पुरी करील? बाराव्या अध्यायात हेरोदाने याकोबाचा वध केला, तेव्हा त्याच्या जागी कोणास निवडल्याचे लूक सांगत नाही. प्रेषित हे पाया आहेत असे पौल इफिसकरांस लिहितो, आणि पाया दर मजल्यास नव्याने घालीत नाहीत.

देवाविषयीच्या शिकवणीतही अंतर मोठे आहे. स्मिथने मरणापूर्वी तीन महिने, एप्रिल १८४४ मध्ये, दिलेल्या प्रवचनात देव एके काळी आपल्यासारखाच मनुष्य होता असे सांगितले. पित्याला मांसाचे व हाडांचे शरीर आहे असे त्यांचे शास्त्र आजही म्हणते. शोमरोनी स्त्रीशी विहिरीजवळ प्रभू काय बोलला, नव्वदाव्या स्तोत्रात मोशे देवाच्या अनादिपणाविषयी काय म्हणतो, आणि यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात आपल्या आधी व आपल्या नंतर देव नाही असे परमेश्वर कसे बजावतो, हे शेजारी ठेवून वाचावे. येथे शब्दांचा घोळ नाही, दोन निराळे देव डोळ्यांपुढे उभे राहतात. गलतीकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल स्वर्गातील दूताने आणलेल्या निराळ्या सुवार्तेविषयीही सावध करतो, हे ह्या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही.

शिक्षकांना एक विनंती. प्रकटीकरणाच्या शेवटी पुस्तकात भर घालणाऱ्याला जो इशारा आहे, तो मॉर्मनच्या पुस्तकावर फेकू नका. तो इशारा प्रकटीकरणाच्या पुस्तकाविषयी आहे. तसाच अनुवादाच्या चौथ्या अध्यायातही आहे, आणि त्यानंतर बायबलात किती पुस्तके आली! चुकीच्या दाखल्याने जिंकलेला वाद मुलगा कॉलेजात गेला की उलटतो. बहुपत्नीत्वावरूनही चिडवू नका; त्यांनी ते १८९० साली बंद केले, आणि अब्राहाम व दावीद ह्यांची घरे आपण विसरू नये. चहा-कॉफी पीत नाहीत म्हणूनही हसू नका. (बडोद्याच्या मराठी घरात हा नियम एक दिवस तरी टिकेल काय, अशी मला शंका आहे, पण तो वेगळा विषय.) त्यापेक्षा अब्राहामाच्या पुस्तकाची गोष्ट सांगा. १८३५ साली स्मिथने मिसरी ममीबरोबरचे पपायरस विकत घेतले व त्यांवरून अब्राहामाचे लेखन भाषांतर केले असे म्हटले. त्या पपायरसांचे काही तुकडे न्यूयॉर्कच्या संग्रहालयातून १९६७ साली मॉर्मन मंडळीस मिळाले. तज्ज्ञांनी ते वाचले, तेव्हा ते मिसरी लोकांचे मृतांसोबत ठेवावयाचे नेहमीचे ग्रंथ निघाले. त्यांत अब्राहामाचे नावही नाही. मॉर्मन मंडळीनेही २०१४ साली हे मान्य केले. भाषांतर अक्षरशः नसून प्रकटीकरणाने झाले असेल, किंवा मूळ भाग हरवला असेल, असे ती आता म्हणते.

पण त्या तरुणाला पपायरसाशी फारसे कर्तव्य नव्हते. त्याला त्यांनी सांगितले होते : पुस्तक वाच, प्रार्थना कर, अंतःकरणात ऊब वाटली की ते खरे. आणि त्याला ती वाटली होती. ह्यावर मी काय लिहावे? आमच्याही उपदेश-सभांत आम्ही तरुणांना हेच सांगत आलो आहो. मी एवढेच लिहिले की बिरुयाच्या लोकांची शास्त्र स्तुती करते, ती पौलाचे ऐकून त्यांना ऊब वाटली म्हणून नव्हे. रोज शास्त्र उघडून त्यांनी पडताळा पाहिला म्हणून. आणि थंडीत एकट्या माणसाला दोन प्रेमळ सोबती मिळाले तर ऊब वाटणारच. तीही देवाची देणगी आहे, पण ती सोने-पत्र्यांची साक्ष नव्हे.

राहिली पणजी. तिची हकिकत आमच्या मंडळीतील वयस्कांना ठाऊक आहे. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९–१९०० साली, गुजरातेतील ज्या अनाथ मुलींना पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात नेले, त्यांत चारपाच वर्षांची ही एक होती. गुजराती बोलत गेली, मराठी बोलत परत आली. लग्न होऊन बडोद्यासच आली. ह्या तरुणाची आजी तिचे शेंडेफळ, आज अठ्ठ्याऐंशीच्या घरात आहे.

मृतांच्या वतीने बाप्तिस्म्याचा आधार ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातून घेतात. पौल तेथे पुनरुत्थानाविषयी बोलत असून ‘ते लोक’ असे करतात, असा केवळ उल्लेख करतो. ‘आपण’ करतो असे म्हणत नाही, आज्ञाही देत नाही. वधस्तंभावरच्या चोराला कोणी पाण्यात उतरविले नव्हते, तरी त्याला त्याच दिवसाचे वचन मिळाले. मॉर्मन लोक असेही म्हणतात की मृत आत्मा हा बाप्तिस्मा नाकारू शकतो. त्यांच्या हेतूत प्रेम आहे ह्याविषयी मला शंका नाही. तरी मी पत्र घेऊन आजीकडे गेलो. तिने सगळे ऐकून घेतले, मग म्हणाली, “माझ्या आईला उपाशी असताना ज्यांनी उचलले, त्यांना अधिकार नव्हता म्हणतात का ते?” मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, “तो जेवतो का नीट?”

मार्काच्या नवव्या अध्यायात योहान प्रभूला सांगतो की एक मनुष्य तुझ्या नावाने भुते काढीत होता, आपल्यातला नव्हता म्हणून आम्ही त्याला मना केले. प्रभूने मना करू नका म्हटले. हा उतारा मॉर्मन दाव्याला लागू आहे. पण तो वाचताना माझे डोळे आधी आपल्याच अंगणाकडे गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी झाली, आणि मेथडिस्ट मंडळी ऐन वेळी बाहेर राहिली. बडोद्यात दोन्ही आहेत. एकमेकांचा बाप्तिस्मा आपण मान्य करतो, हे मोठेच. पण लग्न जमवताना व दफनभूमीचा विषय निघाला की ‘आपल्यातला नव्हता’ हेच शब्द वेगळ्या रूपात ऐकू येतात. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढून बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात बसविले, तेव्हा पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. टिळकांचे सर्वच पाऊल बरोबर पडले असे मी म्हणत नाही. पण एकमेव खरी मंडळी आमचीच, हे वाक्य फक्त सॉल्ट लेक सिटीतच बोलले जाते असे नाही.

तरुणाचे उत्तर आले. पणजीचे नाव त्याने दिलेले नाही. त्या दोघा मुलांशी मैत्री मात्र त्याने सोडली नाही, आणि मी सोड असे म्हटलेही नाही. दर रविवारी तेथे तो कोठे उपासनेस जातो, हे त्याने लिहिले नाही. आता आमच्या तरुणसंघातील चौघे त्याला पाळीपाळीने फोन करतात.

मी वर्गातला क्रम बदलला आहे. पौल व ल्यूथर ह्यांच्या मध्ये आता सात रविवार आहेत. गेल्या रविवारी फळ्यावर ठाणे, सोपारे, भडोच अशी नावे लिहून जॉर्डनसची गोष्ट सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. “सर, भडोच म्हणजे माझ्या मामाचे भडोच?”

मी म्हटले, तेच.